मोठ्या सिस्टरांचा शुक्रवार

मोठ्या सिस्टरांना कुणीही काहीही सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कुनी सांगितला?"

सांगणारं माणूस कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. केंद्रात आलेली बाई असो, वस्तीतली आशाताई असो, औषध कंपनीचा टाय लावलेला माणूस असो, नाहीतर खुद्द आमचे डॉक्टरसाहेब असोत, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच. एरवी त्या आमच्याशी नोकरीतली स्वच्छ मराठी बोलत. तीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर कुणाच्याही तोंडात ती बसतेच. पण हा प्रश्न आणि मनापासूनचं जे काही असेल ते त्यांच्या तळवलीच्या आगरी बोलीतच बाहेर पडायचं. त्यांच्या लेकीच्या हळदीला आम्ही सगळ्या गेलो होतो. पंगती बसलेल्या असताना कुणीतरी धावत येऊन सांगितलं की मटण संपलं. वधूची आई नखशिखांत हळदीनं माखलेली. तिनं त्याला शांतपणे विचारलं, "कुनी सांगितला?" आणि स्वतः जाऊन टोपाचं झाकण उघडून बघून आली. अर्धा टोप शिल्लक होता.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला आमचं नागरी आरोग्य केंद्र होतं. मी तिथं कंत्राटावर नर्स म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. पहिल्याच आठवड्यात पाच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन एक बाई आली. तिला मूल थांबवायचं तीन महिन्यांचं इंजेक्शन हवं होतं. मी ठासून सांगितलं, "अंगावर पाजताय ना? मग हे चालत नाही." शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "कुनी सांगितला?" मी म्हटलं, कॉलेजात शिकवलंय. "कोनी शिकवला? त्यांनी कुठं वाचला?" आता हे मी कुठून सांगणार? मोठ्या सिस्टरांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं, पान उघडलं आणि ते माझ्याकडे न देता त्या बाईच्या समोर ठेवून ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. बाळंतपणाला सहा आठवडे होऊन गेले की पाजणाऱ्या आईला चालतं. माझे कान तापले. ती बाई गेल्यावर त्या म्हणाल्या, "शिकवनारीचा दोष नाय आनि तुझाबी नाय गो. आपन ऐकतो, आनि ऐकलेला हळूहळू आपलाच वाटायला लागतो. मंग कोन तपासतो?"

त्या पुस्तकाला आम्ही पोथी म्हणायचो. सरकारी मार्गदर्शक सूचनांचं पुस्तक, वर जेवणाच्या टेबलावर घालतात तसल्या फुलाफुलांच्या प्लास्टिकचं कव्हर. नवा आदेश आला की मोठ्या सिस्टर त्यातला मजकूर कापून त्या-त्या पानावर डिंकानं चिकटवायच्या आणि जुन्या मजकुरावर पेन्सिलनं आडवी रेघ मारायच्या, पण तो वाचता येईल असाच ठेवायच्या. "काल काय खरा होता, तेबी दिसला पायजे," असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे पोथी त्यांना जवळजवळ पाठ होती. तरी कुणी विचारलं की उठायच्या, कपाट उघडायच्या, चष्मा लावायच्या, बोट ठेवायच्या आणि ओठ हलवत वाचायच्या. बाहेर पन्नास बायका बसलेल्या असल्या तरीही. एकदा मी वैतागून म्हटलं, सिस्टर, तुम्हाला तर पाठ आहे. "पाठ हाय म्हनूनच बगते," त्या म्हणाल्या, "जे पाठ हाय तेच आपन बगत नाय."

त्यांच्या प्रश्नात वकिली उलटतपासणी नसायची, हे मला कळायला वेळ लागला. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. एका पावसाळ्यात तळवलीतल्या बायका तांबी बसवून घ्यायला एकाएकी तयार होईनात. तांबी वर चढते आणि काळजात जाऊन रुतते, असं गावभर झालं होतं. आम्ही पत्रकं वाटली, भिंतीवर चित्रं लावली, कुणी बघेना. मोठ्या सिस्टर मात्र प्रत्येकीला तेवढंच विचारत गेल्या. हिला तिनं सांगितलं, तिला नणंदेनं, नणंदेला जावेनं, असं करत करत त्या मासळीच्या बाजारात जनाआत्याच्या टोपलीपाशी पोचल्या. मी सोबत होते. मला वाटलं आता चांगलं वाजणार. पण त्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "आत्या, तुमाला कसा कळला ता मना सांगा." जनाआत्याच्या सुनेला तांबी बसवल्यावर महिन्याभरानं छातीत दुखलं होतं. आत्यानं त्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या, खोटं असं ती काहीच बोलली नव्हती.

मोठ्या सिस्टरांनी तिच्या कमरेचा पैशांचा बटवा मागून घेतला, त्यात एक नाणं टाकलं, तोंडाची दोरी आवळली आणि बटवा उलटासुलटा करून तिच्या हातात दिला. "पिशवी अशी हाय. वरचा रस्ता बंद. आता ह्या नान्याला तुमच्या काळजात पोचवून दाखवा." आत्यानं बटवा दोनदा दाबून बघितला आणि हसायला लागली. मग सुनेला आमच्या डॉक्टरांकडे आणलं. तिला पित्ताचा त्रास निघाला. त्यानंतर जनाआत्या पापलेट विकता विकता गिऱ्हाइकांना बटवा दाबून दाखवायची. आमच्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे झालं नाही, ते तिनं महिन्याभरात केलं. मोठ्या सिस्टरांनी तिला केंद्रात बोलावून आम्हा नर्सेसच्या समोर उभं केलं आणि सांगितलं, हिच्याकडून शिका.

आणि मग त्यांचा शुक्रवार. दर शुक्रवारी दुपारी आमचं धरून आजूबाजूच्या सहा केंद्रांतल्या नर्सेस आमच्याकडे जमायच्या. कागदोपत्री ती आढावा बैठक होती. आकडे पंधरा मिनिटांत उरकले, की मोठ्या सिस्टर चहा मागवायच्या आणि खरी बैठक सुरू व्हायची. नियम एकच: प्रत्येकीनं ह्या आठवड्यापर्यंत आपल्याला माहीत नव्हती आणि आता कळली अशी एक गोष्ट सांगायची. सुरुवात "मला माहीत नव्हतं" ह्याच शब्दांनी. ज्येष्ठ असो वा नवी, सूट कुणाला नाही. "सगळं माहीत होतं" म्हणणारीला चहा नाही. पहिले काही शुक्रवार मी बिनचहाची राहिले. मग हळूहळू माझंही तोंड उघडलं. एकीला माहीत नव्हतं की बाई गोळ्या नेते पण घरी डबा सासूच्या ताब्यात असतो. एकीला माहीत नव्हतं की ऑपरेशनचे टाके असलेल्या बाईला जिना चढायला कधीपासून सांगायचं. कुणी हसायचं नाही. सांगून झालं की मोठ्या सिस्टर विचारणार, "आनि तुला कुनी सांगितला?" मग पोथी उघडणार, आणि पोथीत नसेल तर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावणार. आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपलाही हाच नियम. उगम सांगितल्याशिवाय काही पुढं पाठवायचं नाही.

आता माझ्या तक्त्याकडे येते. इतका वेळ टाळत होते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

माझं अक्षर सुंदर आहे. ही माझी फुशारकी नाही, माझ्या वडिलांची कमाई आहे. मराठवाड्यातून कामासाठी इकडे आलेला माझा बाप दिवसभर गोदामात पेट्या मोजायचा आणि सकाळी निघायच्या आधी जुईनगरच्या आमच्या विहाराचा फळा लिहायचा. वंदनेची वेळ, कुणाचं पुण्यानुमोदन, मुलांच्या अभ्यासवर्गाची सूचना. लोक मजकुरापेक्षा अक्षर बघायला थांबायचे. तेच अक्षर माझ्या हातात आलं. तर एका रविवारी मी घरी बसून तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा तक्ता केला. कुणाला चालतं, कुणाला नाही, पुढचं इंजेक्शन कधी, तारखेच्या किती आधी आलं तर चालेल, किती उशिरा आलं तर चालेल. निळ्या शाईनं मजकूर आणि आकडे, लाल शाईनं मथळे, कडेनं वेल. वडिलांनी लांब धरून बघितला आणि म्हणाले, "हा फळ्यावर शोभंल."

मोठ्या सिस्टरांनीही कौतुक केलं. त्यांच्या खुर्चीच्या मागेच तो लावला. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि बघता बघता सहाही केंद्रांत माझ्या तक्त्याच्या प्रती लागल्या. खोटं कशाला बोलू, मी हवेत होते.

पाच आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी शेजारच्या केंद्रातल्या शाहीनसिस्टरचा नंबर आला. शाहीन माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मोजकं बोलणारी. ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं की तारखेवर तीन आठवडे उलटून आलेल्या बाईला इंजेक्शन द्यायचं नाही, पाळी येईपर्यंत परत पाठवायचं. मी इतकी वर्षं चार आठवड्यांपर्यंत देत होते. आता बंद केलं."

"कुनी सांगितला?"

"तक्त्यात आहे ना."

"तक्ता कुनी दिला?"

शाहीननं घणसोलीकडच्या नर्सकडे बोट दाखवलं. तिनं पलीकडच्या केंद्रातल्या बाईंकडे. त्यांनी ग्रुपवर आला असं सांगितलं. ग्रुपवर कुणी टाकला, तर आमच्याच केंद्रातल्या फार्मसीवाल्या ताईनं. आणि तिला कुणी दिला, ह्यावर मी हात वर केला. सांगायला लाज वाटते, पण ज्या ऐटीत केला, त्या ऐटीत शाळेत उत्तर माहीत असलेली मुलगीच हात वर करते. "मीच, सिस्टर!"

मोठ्या सिस्टर उठल्या. पोथी काढली, चष्मा लावला, बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. तारखेच्या दोन आठवडे आधीपर्यंत, आणि तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत. मग मागे वळून भिंतीकडे बघितलं. माझ्या तक्त्यात नेमकं उलटं होतं. आधी चार, नंतर दोन.

मला त्या क्षणी तो रविवार डोळ्यांसमोर आला. शाई बदलायला नको म्हणून मी सगळे निळे आकडे आधी लिहिले होते आणि लाल मथळे सर्वांत शेवटी. 'लवकर आल्यास' आणि 'उशीर झाल्यास' हे दोन मथळे मी एकमेकांच्या जागी लिहिले. सुरेख वळणात.

तुम्हाला ह्यातलं गांभीर्य सांगते. ह्या इंजेक्शनवर असताना कितीतरी बायकांची पाळी येतच नाही. ती लांबणं, थांबणं हे नेहमीचं. अशा बाईला आपण उलट पाठवायचं आणि सांगायचं, पाळी आली की ये. ती बिचारी न येणाऱ्या पाळीची वाट बघत बसणार, आणि तेवढ्यात इंजेक्शनचा उपयोग संपणार. म्हणजे तिला नको असलेल्या दिवसांकडे मीच तिला बोट धरून नेत होते.

"किती जनींना परत पाठवला?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं. चहा तसाच निवला. सगळ्यांनी फोन लावले, रजिस्टरं उघडली. बाकीच्या पाच केंद्रांत मिळून चौघी निघाल्या. त्या चौघी संध्याकाळच्या आत सापडल्या आणि अजून चार आठवड्यांच्या आतच होत्या. आमच्या केंद्रातली एक उरली. तिला मी परत पाठवलं होतं, बारा दिवसांपूर्वी. वैशाली. औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम करणारी, दोन मुलांची आई. दुसऱ्या बाळंतपणात तिचा जीव कसाबसा वाचला होता. निदान काही वर्षं तरी पुन्हा दिवस राहू देऊ नका, असं तिच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. आई आजारी म्हणून गावी गेली होती, म्हणून तीन आठवडे उशिरा आली. तिनं मला दोनदा विचारलं होतं, "नक्की ना सिस्टर?" आणि मी मागे वळून तक्त्याकडे बोट दाखवलं होतं.

आता तिला पाच आठवड्यांच्या आसपास उशीर झाला होता. फोन बंद. शनिवारी सकाळी आम्ही खोलीवर गेलो, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, बहिणीकडे गेली, खांदेश्वरला. नवरा कामावर. बहिणीचा पत्ता त्याच्याकडून मिळवला आणि मी आणि मोठ्या सिस्टर बसमध्ये बसलो. त्यांच्या पिशवीत चाचणीच्या दोन पट्ट्या आणि पोथी. पोथी कशाला घेतली, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पूर्ण रस्ताभर मी रडू आवरत होते. माझं कंत्राट महिन्याभरानं संपत होतं, पण शपथेवर सांगते, त्या दिवशी त्याची आठवणही नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ते कार्ड होतं.

बेलापूर गेल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या. "तुझा अक्षर लय चांगला हाय. तोच घात झाला बग. वाकडातिकडा असता तर कोनीतरी वाचला असता."

वैशाली बहिणीच्या घरी मेथी निवडत बसली होती. आम्हाला दारात बघून ती घाबरून उठली. मोठ्या सिस्टरांनी तिला बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. सांगायचं मलाच होतं. मी सांगितलं. चूक माझी होती, तुम्हाला त्या दिवशी इंजेक्शन द्यायला हवं होतं, पाळीची वाट बघायची गरज नव्हती.

"म्हणजे आता काय, सिस्टर?"

"आता आधी तपासू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि पट्टी पुढे केली.

ती पाच मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. ओट्यावर ती पट्टी ठेवली होती. बहीण, मोठ्या सिस्टर आणि मी तिच्याकडे बघत उभ्या. पहिली रेघ उमटली. दुसरीच्या जागी मी इतकी टक लावून बघत होते की मला ती तिथं नसतानाही दिसायला लागली. मोठ्या सिस्टरांनी घड्याळ बघितलं, वेळ पूर्ण होऊ दिली, पट्टी उजेडात नेली आणि मग माझ्यासमोर धरली. "तू वाच," त्या म्हणाल्या. एकच रेघ होती. मी "एक" म्हटलं आणि तिथंच स्वयंपाकघरात खाली बसले.

मोठ्या सिस्टर मात्र अजून मोकळ्या झाल्या नव्हत्या. त्यांनी वैशालीला जवळ घेऊन हळूच विचारलं, की मधल्या दिवसांत नवऱ्याशी संबंध आला का, कारण अगदी अलीकडचं पट्टीला कळत नाही. त्यावर वैशाली अशी काही हसली की मला आजही ते हसू आठवतं. "तुमीच बोललात ना सिस्टर, पाळी येईपर्यंत सांभाळा म्हणून. गावाला आईजवळ होती, तवा प्रश्नच नव्हता. इकडे आल्यावर तुमी परत पाठवलं. एका खोलीत राहून कुठं सांभाळणार? मी त्याच दिवशी पोरं घेतली न् ताईकडे आली. नवऱ्याला बोलली, पाळी आली की येते. तो रोज फोन करतो, आली का, आली का. टेन्शन नको म्हणून फोनच बंद ठेवला."

बहीण तोंडाला पदर लावून हसत होती. मोठ्या सिस्टरांचं पोट हलायला लागलं, आणि मग त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. माझ्या सुंदर तक्त्यानं जे बिघडवलं होतं, ते ह्या बाईनं स्वतःच्या डोक्यानं सावरून धरलं होतं. मोठ्या सिस्टरांनी ओट्यावर पोथी उघडून पान बघितलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं, आणि दुपारीच वैशालीला आमच्यासोबत केंद्रात आणून इंजेक्शन दिलं. सात दिवस काय काळजी घ्यायची, पुन्हा तपासायला कधी यायचं, हे त्यांनी तिच्याकडूनच परत म्हणवून घेतलं. जाताना ती मला म्हणाली, "आता घरी जाऊ ना, नक्की?" मी म्हटलं, थांबा, आणि पोथीतलं पान तिला दाखवलं.

पुढच्या शुक्रवारी मी सकाळपासून पाठ करून ठेवलं होतं. चहा आला. मी तोंड उघडणार, तोच मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आज माझ्यापासून." आणि उभ्या राहिल्या. इतक्या शुक्रवारांत त्यांना उभं राहून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"मना माहीत नव्हता," त्या म्हणाल्या, "की मी पन अक्षर बगून गप बसते. पाच आठवडे तो तक्ता माझ्या पाठीमागं होता. मी आल्या-गेल्याला दाखवला. एक डाव पन वाचला नाय. सगळ्या जगाला विचारते, कुनी सांगितला. हिला विचारला नाय. आपली पोर हाय म्हनून." त्या बसल्या. डॉक्टरसाहेबांनी मागितलेल्या लेखी खुलाशातही त्यांनी माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव घातलं होतं, हे मला नंतर कळलं. माझं कंत्राट पुढं वाढलं. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगायला मोठे शब्द नकोत. मला त्या बाई फार आवडल्या, एवढंच.

मग माझा नंबर. मी सांगितलं. शाहीननं माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. त्या दिवसापासून आमच्या सहा केंद्रांत प्रत्येक तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात चौकट असते. कुठून घेतलं, कोणतं पान, कोणती तारीख, कुणी लिहिलं आणि कुणी तपासलं. लिहिणारी आणि तपासणारी एकच असून चालत नाही. जुना तक्ता मी फाडायला निघाले होते, तर मोठ्या सिस्टरांनी तो घेतला, त्यावर पेन्सिलनं आडवी रेघ मारली आणि पोथीच्या शेवटी घडी घालून ठेवला.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येकजण उठून त्यांच्याबद्दल भरभरून बोलला, आणि प्रत्येकाला पहिल्या रांगेतून "कुनी सांगितला?" ऐकावं लागलं. आता त्या तळवलीला असतात. गुडघे दुखतात, कोळंबीचं खारं कालवण करतात, आणि गावातल्या बायका केंद्रात जायच्या आधी त्यांच्या ओट्यावर बसून जातात. पोथी त्यांनी मला दिली नाही. ती केंद्राची आहे म्हणाल्या, आणि कपाटात ठेवून गेल्या.

मी आता जुईनगरच्या बाजूच्या केंद्रात आहे. इथंही शुक्रवार आहे, चहा आहे आणि पोथी आहे, तिचं कव्हर मात्र पट्ट्यापट्ट्यांचं. गेल्या महिन्यात आमच्याकडे लागलेली मयूरी नावाची नवी नर्स एका बाईला गोळी विसरली तर काय करायचं ते सांगत होती. भराभर, छान, न अडखळता. मी शेजारच्या टेबलावर होते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कुणी सांगितलं?"

मयूरी हसली. "तुम्हीच, मॅडम. मागच्या शुक्रवारी."

मी उठले, कपाट उघडलं, चष्मा लावला, बोट ठेवलं. एकदा वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. बरोबर होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथूनच मोठ्या सिस्टरांना फोन लावला आणि लहान मुलीसारखं सांगितलं, सिस्टर, माझ्या नावानं सांगितलेलं एक आज बरोबर निघालं.

"बरा झाला," पलीकडून आवाज आला. मागे कोळंबीची फोडणी चुरचुरत होती. "कुनी तपासला?"

"मीच."

सांगणारी मी आणि तपासणारीही मीच, हे बोलताबोलताच माझ्या लक्षात आलं. मी फोन ठेवला, पोथी मयूरीच्या पुढे सरकवली आणि म्हटलं, "मोठ्यानं वाच. मी काय म्हणाले होते ते विसर." ती ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. ती बाई आणि मी, दोघी ऐकत बसलो.